घासलेला दगड

आळेफाट्याला मुंबईच्या एसटीच्या रांगेत संपतच्या पुढं मायलेकी कडाकडा भांडत होत्या. लेकीच्या हातात खाऱ्या पाण्याची बरणी होती.

“आई, यातला दगड घासलास कशाला?”

“बुळबुळीत झाला व्हता. राख लावून लख्ख केला.”

“अगं, त्या बुळबुळीच्या वासावरच समुद्री गोगलगायीची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं दगडाला चिकटतात! तेव्हा कुठं त्यांची गोगलगाय होते. कॉलेजात वर्षभर राबलेय मी यासाठी!”

“आन् वास न्हाई आला तर?”

“नुसती पोहत राहतात. पोहून पोहून मरतात.”

संपतनं बरणीत डोकावून पाहिलं. पाण्यात दगडाशिवाय काहीच दिसत नव्हतं.

“तू येणार म्हणून मी समदं घर घासलं व्हतं, वृषे! म्हणूनच दोन दिसांत निघालीस व्हय?”