परत घेतलेलं आमेन

ऐका मंडळी! पेटी जरा हळू… हां. आज एकच प्रश्न घेऊन उभं राहायचंय, आणि तो फार सोपा आहे. आपण प्रार्थना करतो ना? ती कुणाला ऐकू जावी म्हणून करतो?

"देवाला!" बघा, पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं. बरोबर आहे तुमचं, वहिनी. पण मग सांगा, देवाला कमी ऐकू येतं का? नाही ना? मग आपला आवाज एवढा का चढतो? आणि जिच्याशी बोलत नाही ती बाई मागं येऊन बसली, की जास्तच का चढतो?

हसू नका! हसणाऱ्यांचीच गोष्ट आहे ही.

करंजखेडं नावाचं गाव. ओढ्याच्या अलीकडं ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या तोंडाशी पत्र्याचं उपासनामंदिर. आणि मंदिराला लागून क्षेत्र्यांचं घर. घर एकच, पण मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडं थोरली जाऊ रिबकाबाई, पलीकडं धाकटी हन्ना. ओटा मात्र सामाईक, कारण ओट्यावर भिंत घालायला दोघी आपापल्या नवऱ्याला पैसे देईनात!

रिबकाबाईंची प्रार्थना म्हणजे प्रार्थना हो! शब्द कसे झऱ्यासारखे. कुणाचं आजारपण असो, बारसं असो, नवी मोटारसायकल असो – पाळकसाहेब म्हणायचे, "रिबकाबाई, दोन शब्द." दोन शब्द! त्यांनी डोळे मिटले की स्वयंपाकघरातल्या बायकांनी चहा उकळायचा, गाळायचा, कपांत ओतायचा आणि तो गार झाला की मग "आमेन" यायचं. महिला मंडळाच्या अध्यक्षा उगाच नव्हत्या त्या!

आणि दोघी जावा दोन पावसाळे एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक अक्षर नाही.

पण तुम्ही म्हणाल, एका ओट्यावर राहून न बोलता चालतं कसं? चालतं! आपल्या ख्रिस्ती लोकांकडं त्याला एक फार सुरेख सोय आहे. प्रार्थनेतून बोलायचं!

रिबकाबाई सकाळी गुडघे टेकायच्या आणि म्हणायच्या, "हे स्वर्गीय बापा, काही लोकांना सामाईक ओटा झाडायचा कंटाळा येतो, त्यांना तू उद्योगी कर." पलीकडून लगेच हन्नाची प्रार्थना सुरू – "हे प्रभू, ज्यांनी माझं मोठं पातेलं नाताळापासून नेलंय, त्यांना तू आठवण दे." बिचारा देव! दोन्ही घरचा पोस्टमन करून टाकला त्याला. आणि पातेलं? दुसऱ्या दिवशी ओट्यावर हजर. घासून, लख्ख करून! प्रार्थना ऐकली गेली म्हणायची. पण कुणी ऐकली?

आता मंडळी, पातेल्यासाठी कुणी दोन पावसाळे अबोला धरत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. ती सगळ्या वस्तीला माहीत होती आणि कुणी काढत नव्हतं.

हन्नाचं पहिलं लेकरू गेलं होतं. मुलगा होता. जेमतेम हसायला लागला होता, आवाजाच्या दिशेनं मान वळवायला लागला होता. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि घरी आणलं ते पांढऱ्या फडक्यात. डॉक्टरनं सांगितलं होतं, जन्मापासूनच काळजाला भोक होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. पण दुःख कसं असतं? त्याला कुणाच्या तरी डोक्यावर बसायचं असतं. सांत्वनाची प्रार्थना होती. घर माणसांनी भरलेलं. हन्ना कोपऱ्यात, दूध आटायचं होतं अजून तिचं, पदर ओला. पाळकसाहेब म्हणाले, "रिबकाबाई, दोन शब्द." आणि रिबकाबाई रडत रडत म्हणाल्या, "हे बापा, या आईची जी हयगय झाली, तिची तू क्षमा कर."

आणि मंडळींनी काय केलं?

आमेन म्हटलं! सगळ्या घरानं. एका आवाजात.

प्रार्थनेत मधे बोलता येतं का कुणाला? येत नाही. कुणी भांडणात बोललं असतं तर हन्नानं उत्तर दिलं असतं. सांगितलं असतं, मी रात्र रात्र जागले, मी हयगय नाही केली. पण डोळे मिटलेल्या माणसांत, देवाच्या नावानं बोललेल्या शब्दाला आई काय उत्तर देणार? गप्प बसली. ती जी गप्प बसली, ती बसलीच.

मग देवाची कृपा झाली. हन्नाला मुलगी झाली! गुटगुटीत, जावळ असं दाट, की बोटं फिरवावीत तर अडकावीत. आणि हन्नानं ठरवलं – या लेकराला जाऊबाईंचा हात लागू द्यायचा नाही.

इथं रिबकाबाईंचं कसं झालं ते ऐका. त्यांची दोन्ही मुलं मोठी, पुण्याला कामाला. मांडी रिकामी. आणि भिंतीपलीकडं तान्हं बाळ! त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं – हे भुकेचं रडणं, हे झोप मोडल्याचं, हे पोटात वारा धरल्याचं. "उभी धर गं तिला, पाठ चोळ," असं पुटपुटायच्या आणि पोळी करपायची. एकदा काय झालं, दोरीवरचं दुपटं वाऱ्यानं उडून त्यांच्या दारात पडलं. त्यांनी उचललं. इकडंतिकडं बघितलं. नाकाशी धरलं. दुधाचा वास, उन्हाचा वास… आणि चोरासारखं परत दोरीवर अडकवून आल्या. अहो, महिला मंडळाच्या अध्यक्षा!

तर त्या वर्षी मंडळीनं ठरवलं, उज्जीवन सभा घ्यायच्या, म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागवायच्या सभा. मोठे वक्ते बोलावले, मांडव सांगितला, भोंगे सांगितले. उज्जीवन यायचं म्हणजे भोंगे लागतातच ना! आणि तेच आपले पाळकसाहेब, तरुण पाटोळे, ते म्हणाले, "आधी आठवडाभर घरोघर प्रार्थना करू." शेवटची प्रार्थना रिबकाबाईंच्या घरी. सगळे येणार म्हणजे हन्नालाही यावं लागलं. दाराजवळ बसली, बाळ पदराखाली.

बाळ रडायला लागलं. वाऱ्याचं रडणं! रिबकाबाईंच्या हाताला मुंग्या आल्या. पण बोलायचं कसं? त्यांनी डोळे मिटले – "हे बापा, काही आयांना तू ज्ञान दे. बाळाचं पोट फुगलं की खांद्यावर घ्यावं, ओव्याचा शेक द्यावा, हे त्यांना समजू दे…"

खरं सांगा, टोमणा होता का हा? टोमणाच होता. पण आत काय होतं त्याच्या? माया होती हो! माया टोमण्याचे कपडे घालून आली होती, कारण तिच्याकडं दुसरे कपडेच उरले नव्हते.

दाराजवळून हन्नाची प्रार्थना आली. शांत आवाज. "हे प्रभू, काही लोकांच्या ज्ञानापासून माझ्या लेकराला सांभाळ. पहिल्या लेकराच्या वेळी त्यांचं ज्ञान मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलंय."

आमेन आलं नाही. हन्ना उठली, बाळाला घेऊन गेली. चहा तसाच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा रिबकाबाईंची प्रार्थना चहा गार व्हायच्या आत संपली, आणि प्यायला कुणी नव्हतं.

सकाळी रिबकाबाई नेहमीच्या जागी गुडघे टेकून बसल्या. सुरुवात केली, "हे प्रभू, तू हन्नाला समज दे, की माझ्या मनात…" आणि थांबल्या.

का थांबल्या? त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला! खोलीत कुणी नाही. नवरा मळ्यात गेलेला. मग आवाज एवढा मोठा कुणासाठी? आणि डोळे उघडून बघतात तर काय – तोंड भिंतीकडं! त्या मधल्या भिंतीकडं! दोन पावसाळे रोज त्या इथंच बसत होत्या, भिंतीकडं तोंड करून.

त्या वळून बसल्या. आवाज खाली आणला. फक्त देवाला ऐकू जाईल इतका. "हे बापा…" म्हणाल्या.

आणि पुढं शब्दच येईना!

मंडळी, जिच्या प्रार्थनेत चहा गार व्हायचा, त्या बाईला देवाशी बोलायला एक वाक्य सापडेना. हन्ना ऐकत नाही म्हटल्यावर सांगायला काही उरलंच नव्हतं. शेवटी एकच वाक्य आलं, तेही पुटपुटत – "त्या दिवशी मी खोटं बोलले. तुझं नाव घेऊन बोलले."

तुझ्या दारी आले देवा। लोटुनि घराचे दार॥
देव म्हणे आधी जा गे। ठोठाव शेजीचे दार॥

प्रभूनं सांगितलंच आहे ना – वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा. जा म्हणजे काय? चालत जा! पायानं!

रिबकाबाई उठल्या, ओट्यावर आल्या. हन्ना बाळाला तेल लावत होती. पायांवर पालथं घातलेलं, आणि ते बाळ मान उचलून टकामका बघतंय.

"हन्ना," रिबकाबाई म्हणाल्या.

दोन पावसाळ्यांनी नाव घेतलं! हन्नानं वर बघितलं नाही. "झाली का प्रार्थना? आज भिंतीतून अर्ध्यातच थांबलं ते."

"आज तुला ऐकू येऊ नये अशी केली. तर काहीच निघालं नाही गं आतून."

हन्नाचा हात थांबला.

"तुझी हयगय नव्हती," रिबकाबाई म्हणाल्या. "डॉक्टर बोलला तेव्हा मी तिथंच होते. मला माहीत होतं. माझंही लेकरू होतं ते. कुणावर रागवावं कळेना, म्हणून तुझ्यावर ढकललं. आणि प्रार्थनेत ढकललं, म्हणजे तुला उलटून बोलता येणार नाही."

हन्ना बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतून धारा, पण आवाज कडक. "मी रोज विचारते स्वतःला, जाऊबाई. काय चुकलं माझं? तुम्ही एकट्या म्हणाल्या असतात तर सोसलं असतं. पण सगळ्यांनी आमेन म्हटलं! वस्तीत जिच्याकडं बघते ती मला आमेन म्हणताना दिसते. आता तुम्ही इथं ओट्यावर, मला एकटीला सांगताय. याचं मी काय करू?"

आणि बाळाला उचलून आत गेली.

संध्याकाळी मांडव भरला. भोंगे बांधून झाले. वक्ते आले, मंचावर बसले. पाटोळेसाहेब माइकपाशी आले – "सभेची सुरुवात प्रार्थनेनं करू. रिबकाबाई, दोन शब्द."

रिबकाबाई उठल्या. सगळ्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा," रिबकाबाई म्हणाल्या.

अहो, असं कुणी म्हणतं का? माना वर झाल्या. पाटोळेसाहेब गडबडले. रिबकाबाई रांगेतून पुढं निघाल्या. अध्यक्षपद, नाव, पंचक्रोशीतला मान – सगळं त्यांच्या पायांखाली होतं आणि त्या त्यावरूनच चालत होत्या.

"ही प्रार्थना नाही. देवाशी माझं सकाळी झालंय. आता तुमच्याशी बोलायचंय. हन्नाचं लेकरू गेलं त्या दिवशी मी तिच्या हयगयीची क्षमा मागितली. तिची हयगय नव्हती. मला ठाऊक होतं. मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, आणि तुम्ही त्यावर आमेन म्हटलं. माझा शब्द मी परत घेतला. तुमचं आमेन तुम्ही परत घ्या."

आमेन परत कसं घ्यायचं? कुठल्या उपासनेत शिकवलंय कुणी?

मधल्या रांगेतून म्हातारे दावीदतात्या उठले, काठी टेकत. वस्तीतले सगळ्यांत जुने. "बाई, मी तर तेव्हा अर्धा झोपेत होतो," तात्या म्हणाले. "पण म्हणालो होतो. झोपेतलं आमेनसुद्धा आमेनच." आणि चालत चालत हन्नापाशी गेले, हात जोडले. "पोरी, मी माझं परत घेतो."

मग त्यांची सून उठली. मग पाटोळेसाहेब मंचावरून उतरले – "मी तर पाळक. मी तिथंच थांबवायला हवं होतं." मग एकेक करून माणसं उठू लागली. कुणी हात जोडले, कुणी नुसता हन्नाच्या डोक्यावर हात ठेवला. आणि हन्नापाशी जाऊन आलेली माणसं जागेवर बसेनात! कुणी बांधावरून भांडलेल्या भावाकडं वळला, कुणी सुनेकडं. मोठे वक्ते बिचारे, तीन दिवसांची तयारी करून आलेले, माइक धरून उभे! मग त्यांनीही माइक खाली ठेवला आणि खिशातला फोन काढून मांडवाबाहेर गेले. घरी लावला म्हणतात.

आणि रिबकाबाई? त्या तशाच उभ्या होत्या, आपल्या जागी, हात लोंबकळत. समोर हन्ना आली. बाळ खांद्यावर, किरकिरत होतं.

"वारा धरलाय हिनं," हन्ना म्हणाली. "मघापासून गप्प बसेना." आणि बाळ पुढं केलं. रिबकाबाईंनी हात पसरले, तशी हन्नानं बाळ परत मागं घेतलं.

"आधी हात धुऊन या, जाऊबाई!"

धावल्या हो त्या बाई! मांडवामागच्या पिंपाकडं, पदर खोचून, पन्नाशीच्या जवळ आलेली बाई – पोरीसारखी धावली. ओले हात पदराला पुसत आली. बाळ खांद्यावर घेतलं, पाठ चोळली, आणि बाळानं असा मोठा ढेकर दिला, की पहिल्या तीन रांगा हसल्या. रिबकाबाईंच्या ठेवणीतल्या साडीवर दूध सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

उज्जीवन आलं होतं, मंडळी. भोंगा अजून चालूसुद्धा केला नव्हता.

तर आता आपल्याकडं येऊ. इथं बसलेल्यांपैकी कुणी म्हणेल, मी काही रिबकाबाईसारखं बोललो नाही. मान्य! पण आमेन? कुणाची बदनामी चालली असताना मान हलवली असेल, कुणाच्या सुनेविषयी "असेल बाई" म्हणून चहाचा घोट घेतला असेल. ते कुणी परत घ्यायचं? ज्यांच्याविषयी ते म्हटलंत, ती माणसं आज इथंच आहेत. काहींपासून तर तुम्ही मुद्दाम तीन सतरंज्या सोडून बसलात.

शेवटची प्रार्थना व्हायची आहे अजून. पण डोळे मिटू नका. पेटीवाले भाऊ वाजवत राहतील, आम्ही इथंच उभे आहोत, आणि देव काही कुठं निघून जात नाही. उठा. त्या माणसापर्यंत चालत जा. बोलून या. मग आपण प्रार्थना करू.

उठा ना मंडळी. कुणीतरी पहिलं उठा.