पोट्टीचं ध्यान आणि पेंटरचा डबा

...अन् वरून मलेच विचारते, ‘पोट्टीचं ध्यान कुठं आहे?’ आता मले काय माहीत! ध्यान म्हणजे काय चप्पल आहे, पलंगाखाली वाकून पाहू? शाळेच्या हेडबाई गा त्या, यमुताई. तुम्हाले सांगतो, बाई वर्गात बोलली तर बाहेरचा चपराशी उठून उभा राहते! म्हणे, ‘रुपरावजी, तुमची कुंदा गणित अर्धं सोडते अन् खिडकीतून चिमण्या मोजते. शनिवारपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाही तर चौथीतून तिसरीत बसवते!’ मले सांगा, चिमण्या मोजणं हे गणित नाही काय? पण पोट्टी दोन दिवस धड जेवली नाही बाप्पा. मैत्रिणी सगळ्या पुढे जातीन अन् ही एकटी मागे... माझ्याही ताटातली पोळी तशीच राहिली. जेवणाचं म्हटलं, तर आमच्या हिंगण्याच्या कारखान्यातले तर्री-पोहे तुम्ही खाल्ले काय? अशी झणझणीत रश्शाची तर्री, का दुसऱ्या दिवशी... हां, मी काय सांगून राहिलो होतो?

हां, डॉक्टर! धंतोलीत डॉक्टरीणबाई आहे, लहान पोट्ट्यांची. शुक्रवारी अकराची वेळ भेटली. सुट्टी टाकली, कुंदाचा हात धरला अन् निघालो. बायको दारातून ओरडते, ‘अहो, पोट्टीकडे ध्यान ठेवा!’ म्हटलं, अवं, त्याच्यासाठीच तर जाऊन राहिलो!

बस बर्डीच्या अलीकडे थांबली. खिडकीतून पाहतो तं काय, शिडीवर एक पेंटर बोर्ड रंगवून राहिला. ‘येथे काटोलची ताजी संत्री मिळती’... अन् बोर्ड खतम! ‘ल’ ले जागाच नाही! आता असं पाहून कोणता शहाणा माणूस बसमध्ये बसून राहीन? उतरलो. म्हटलं, ‘काहून गा, आधी मोजलं नाही काय?’ ते म्हणे, ‘काकाजी, आता काय करू?’ म्हटलं, ‘मिळती पुसून टाक, आहे लिही, कमी जागेत काम होते.’ ते म्हणे, ‘वा काकाजी! जरा हा डबा धरा.’ धरला. गोष्टी निघाल्या. त्याचा साळा म्हणे कळमन्याले हमाली करते, त्याच्या बैलाले... जाऊ द्या. घड्याळ पाहतो तं अकराले पाच कमी! असा पळालो, असा पळालो, का थेट डॉक्टरीणबाईच्या टेबलापुढे!

बाई म्हणे, ‘मुलगी कुठे आहे?’

मी ऐटीत हात पुढे केला. हातात निळ्या रंगाचा डबा!

बाप्पा रे! पोट्टी बसमध्ये, पेंटर शिडीवर, अन् मी अथी! धावत बाहेर जातो तं बाकावर कुंदा. पाय हालवत बसलेली. ‘बाबा, मी बरोबर स्टॉपवर उतरली, पत्ता विचारत आली. तुम्ही माझ्यासमोरूनच आत घुसले.’ अन् हळूच म्हणते, ‘बोर्ड मीनंही पाहिला. ‘ल’ ले जागाच नव्हती नं?’

मग बाईनं दोघांले बसवलं. म्हणे, ‘याला अटेन्शन...’ अन् मी उभा! टाचेले टाच, छाती बाहेर! आठ वर्षं होमगार्डमध्ये काढली, सवय गा! ‘अहो बसा! अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर. मन एका जागी टिकत नाही. मुलगी आळशी नाही, मुद्दाम करत नाही. मोठ्यांनाही असतं. घरात आणखी कोणाला?’ म्हटलं, ‘छे! आमच्या घराण्यात... बाई, तुमच्या पंख्याले तीनच पाती काहून?’

पण ते ‘मुद्दाम करत नाही’ माझ्या काळजाले लागलं. आमच्या नत्थू गुरुजीनं मले चार वर्षं कोंबडा केला, घरी बापाचा पट्टा वेगळा. तेव्हा कोणी एकानं, फक्त एकानं, असं म्हटलं असतं तं? खरं सांगतो, रडलो मी तथी. पोट्टीच्याच रुमालानं डोळे पुसले. रुमालाचं म्हटलं, तर इतवारीत... हां, मी काय सांगून राहिलो होतो?

चिठ्ठी! ‘पहिल्या बाकावर बसवा, गणितं दोन-दोनच द्या, मारू नका.’ यमुताईनं दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, अन् कुंदा राहिली चौथीत! त्या दिवशी पोट्टी चार पोळ्या जेवली.

आता दर महिन्याले दोघांले दवाखान्यात बोलावलं आहे. मागच्या खेपेले केसपेपर पाहिला. पेशंटचं नाव : रुपराव. सोबतचे पालक : कु. कुंदा, इयत्ता चौथी. म्हटलं, ‘बाई, हे उलटं झालं!’ बाई कुंदाकडे पाहते, कुंदा बाईकडे पाहते... म्हटलं, राहू द्या बाप्पा, तिचं अक्षर चांगलं आहे, पालकाची सही तिलेच करू द्या.