उरलेली साखर

स्टुटगार्टच्या सुपरमार्केटात रांगेत माझ्या पुढे एक मराठी सून आणि तिचे सासरे उभे होते. बाटली सासऱ्यांच्या हातात होती.

"ऊर्जा, ही वाइन गोड आहे म्हणालीस ना? मग सोळा टक्के अल्कोहोल कसं? वरून स्पिरिट घातलंय नक्की."

"गेनाऊ! अगदी बरोबर. फ्रान्सची आहे, बाबा. द्राक्षाचा रस अर्धा आंबला की त्यात स्पिरिट ओततात."

"म्हणजे यीस्ट मरतं आणि द्राक्षाची साखर तशीच राहते. वा! आमच्या टाकीत साखर उरली की मला मेमो यायचा. ही माणसं मुद्दाम उरवतात! नेमकं कधी थांबवायचं, ते कळायला हवं गं."

"काही जण तर नंतर वर्षभर काचेच्या बुधल्यांत भरून उन्हात ठेवतात."

"उन्हात? छाती लागते त्याला!"

"पण बाबा, मेमो कसला? तुम्ही साखर कारखान्यात होतात ना?"

"कारखान्याच्या डिस्टिलरीत. बत्तीस वर्षं. तुमचं लग्न ठरवताना आमच्या हिने डिस्टिलरीचं नावच काढू दिलं नाही."

"आणि तिथली दारू तुम्ही कधी चाखलीत?"

"छे! थेंबसुद्धा नाही. फक्त मोजली."

"आज माझी बॉस जेवायला येतेय. तिला सांगाल हे सगळं?"

"माझी ओळख काय म्हणून करून देशील?"

"माझे सासरे. डिस्टिलरीत केमिस्ट होते."

रांग पुढे सरकली. त्यांनी बाटली स्वतःच काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली.

"चीफ केमिस्ट."