आबांच्या जागी गोरी बाई

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घराच्या दाराला शोभा कशानं येते? — अहो, वर पंख्याकडं काय बघताय, उत्तर तिथं नाही! झाडानं? फाटकानं? दारातल्या गाडीनं? मागनं कुणी तरी म्हणालं, "पैशानं!" — बसा खाली, तुमचं कीर्तन वेगळं करू.

उत्तर मी देत नाही, धनंजयराव मगदूम देतील. इचलकरंजीचे गृहस्थ, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, नवाकोरा बंगला. बंगला झाला, पण दारापुढची जागा तशीच राहिली. एक कढीपत्ता, दोन जास्वंदी, नळाखाली अळू, आणि फाटकाशेजारी सिमेंटचा कट्टा. कट्ट्यावर कोण? धनंजयरावांचे वडील, शिदूआबा! नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर. निवृत्त झाले ते कागदावर! सकाळी आंघोळ करून, टोपी घालून आबा कट्ट्यावर बसले की दवाखाना सुरू. "आबा, ही गोळी जेवणाआधी का नंतर?" "आबा, पोराच्या अंगावर हे काय उठलंय बघा की!" एक बाई म्हणाली, "आबा, माझं नि सुनेचं पटत नाही." त्यावरही आबा म्हणाले, "गरम पाणी पी!"

धनंजयरावांना ह्या गर्दीची लाज वाटायची. पुण्याच्या मेहुण्याच्या दारात हिरवळ, आणि आपल्या दारात खोकला! मग त्यांनी निनाद पोतदारला बोलावलं. निनाद म्हणजे अंगण आखून देणारा. पूर्वी अंगण कोण आखायचं? घरातली बाई — सडा टाकला, रांगोळी काढली, झालं. आता कॉम्प्युटर आखतो! नावं ठेवत नाही हं मी. पोरगा हुशार. त्यानं फाटकाबाहेरून मोबाइलवर एक फोटो काढला, लॅपटॉपमध्ये घातला आणि सुटला की! अळू — पुसलं! विजेचा खांब — पुसला! आपण खांब हलवायला चपला झिजवतो, ह्यानं एका बोटात काम केलं! हिरवळ अंथरली, बकुळीचं रोप ठेवलं आणि एक पट्टी सरकवली, तर रोपाचं झालं झाड, दहा वर्षांचं! पेटीवाले, तुमच्या चिरंजीवांना लावून बघा ती पट्टी, नोकरीला तरी लागतील.

पण चित्र ओकंओकं दिसायला लागलं. त्या प्रोग्रॅममध्ये तयार माणसंसुद्धा मिळतात, मंडळी! उचलायची आणि ठेवायची. निनादनं फाटकाशेजारी एक लोखंडी बाक ठेवला, त्यावर सोनेरी केसांची गोरी बाई बसवली, आणि बाईच्या पायाशी कुत्रं.

रविवारी ते चित्र हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावलं. सगळं घर जमलं. सूनबाई म्हणाल्या, "अय्या, हे आपलं दार?" धनंजयराव म्हणाले, "मेहुणा बघून गारच पडंल!" वा वा चालली. आबा चष्मा पुसत पुढं आले, बराच वेळ बघत राहिले.

"ही बाई कुणाकडची पाव्हणी रं?"

"पाव्हणी नाही आबा, शोभेला आहे."

"आणि मी कुठं बसलोय?"

निनाद गडबडला. त्यानं मूळ फोटो उघडला. मंडळी, मूळ फोटोत कट्टा होता, आणि कट्ट्यावर आबा होते — टोपीसकट! निनाद ओशाळून म्हणाला, "सॉरी आबा... नको ते सामान पुसताना तुम्ही पण त्यात गेलात."

सामान! अळू, खांब आणि बाप!

त्या पोराला काय बोलायचं? तो परका. पण घरची माणसं डोळे फाडफाडून चित्र बघत होती ना? एकाच्या तरी ध्यानात आलं? बाप दिसत नाही, हे बापानंच सांगायचं? मला राग येतो, मंडळी. सांगताना आत्ताही येतो!

धनंजयराव म्हणाले, "आबा, तुम्ही हॉलमध्ये बसा की. एसी आहे, टीव्ही आहे."

"हॉलमध्ये माझ्याकडं कोण येणार?"

"तेच म्हणतोय मी! ती गर्दीच नको दारात."

आबांनी टोपी सारखी केली आणि आत गेले.

कट्टा फुटला. हिरवळ आली, "गवतावर पाय ठेवू नये" अशी पाटी आली. बाकही आला — दुपारी त्यावर पापड भाजून घ्यावा असा तापायचा! आबांनी हॉलमध्ये बसून बघितलं. टीव्ही बोलतो, पण आपलं ऐकतो कुठं? शेवटी एका सकाळी आंघोळ केली, टोपी घातली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या तांबोळींच्या पायरीवर जाऊन बसले. तांबोळीचाची आतून म्हणाल्या, "आबा, चहा टाकू?" झालं! दवाखाना तिकडं सुरू! पेटीवाले, द्या सूर —

अंगण सजलें, दार उजळलें, शोभेस नाही तोटा ।
माणूस गेला समोरच्या घरी, दाराला बांधा नोटा ॥

आणि उजाडला अंगणाच्या उद्घाटनाचा दिवस. हो, अंगणाचंही उद्घाटन असतं! फीत, पेढे, पुण्याचा मेहुणा, सगळ्या गल्लीला आमंत्रण. निनाद कॅमेरा घेऊन सज्ज. लोक आले, फाटकाशी थांबले, पाटी वाचली. आता उभं कुठं राहायचं? डोक्यावर? तेवढ्यात समोरून आबांची हाक — "काय रं तुकाराम, गुडघा कसा हाय?" तुकाराम वळला. मागोमाग त्याची बायको वळली, पोरं वळली. बघता बघता तांबोळींच्या पायऱ्यांवर जत्रा! आणि पुण्याचा मेहुणा? तो तर शर्ट वर करून आबांना पाठ दाखवत होता!

इकडं धनंजयराव हातात कात्री घेऊन एकटे. निनादनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि खूश झाला. "साहेब, अगदी चित्रातल्यासारखं आलंय! मध्ये गल्लीतला एक माणूस नाही!"

हे शब्द ऐकले मात्र, धनंजयरावांची कात्री खाली गेली. मान खाली घालून त्यांनी रस्ता ओलांडला.

"आबा, घरी चला."

"येतो की. बसू कुठं, तेवढं दाखव."

काय दाखवणार? गडी तसाच मागं फिरला, स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून आणली आणि हिरवळीच्या मधोमध दाबून रोवली! निनाद ओरडला, "साहेब, खुर्ची फोटोत येतेय!"

"येऊ दे. आणि आबा बसल्याशिवाय बटण दाबशील तर बघ!"

आबा आले, बसले. मागोमाग अख्खी गल्ली आली. हिरवळीचं काय झालं ते विचारू नका! आबांनी लेकाकडं बघितलं. त्याचे डोळे भरलेले. म्हणाले, "धन्या, असा का दिसतोस रं? गरम पाणी पी!"

हसलात? हसा. बाहेर आपल्या उत्सवाचा फ्लेक्स बघितलात ना? देणगीदार हे एवढाले, आणि देव कोपऱ्यात, नखाएवढा! तेव्हा धनंजयरावांना हसण्याआधी जरा दमानं घ्या.

आता माझा तुम्हाला प्रश्न. कीर्तनाला यायचं म्हणून आज तुम्ही सगळे नटूनथटून आलात. घर राखायला कुणाला बसवून आलात? — का हो, आता परत पंख्याकडं काय बघताय? ज्यांना सगळ्यात जास्त यायचं होतं, त्यांनाच ना? मग आरती झाली की रेंगाळू नका. पहिला प्रसाद त्यांच्या हातावर ठेवा, आणि उद्या त्यांची खुर्ची इथं पुढं, माझ्यासमोर आणून मांडा. घर राखायला तुम्ही थांबा!