माझ्या गाडीत शेळी नाही

दोन हजार अठरा साल, डिसेंबरचा दुसरा मंगळवार, थंडी अशी की बदकसुद्धा पाण्यात पाय घालेना, आणि वृद्धाश्रमाची झाडूवाली सगळ्यांदेखत मलाच म्हणते, "काका, तुमची शेळी आवरा." तुम्हाला सांगतो, उभा जन्म जनावरांत गेला, पण असा आळ कुणी घेतला नव्हता. अहो, माझ्या गाडीत शेळी नाही. तीन कोंबड्या, दोन ससे, एक बदक आणि एक म्हातारा कुत्रा. दर मंगळवारी वृद्धाश्रमात न्यायचे, म्हाताऱ्यांच्या मांडीवर द्यायचे, त्यांना बरं वाटतं, झोप लागते म्हणतात... उतरवताना मोजायचे, चढवताना मोजायचे. सात. यातल्या कुणाला खूर आहे, सांगा?

"मग हे काय?" म्हणाली. फरशी नुकतीच पुसलेली. ओल्यावर खुरं उमटलेली, दारापासून थेट खिडकीजवळच्या पलंगापर्यंत. आत जाणारी. बाहेर येणारी एकही नाही.

पुढच्या मंगळवारी पडद्याची कड खाल्लेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी व्यवस्थापकबाईंची हजेरीवही अर्धी चावलेली, आता हजेरीवही काय कोंबडी खाते? पण बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, आणखी एकदा शेळी आली तर तुमची गाडी बंद." मी म्हटलं, बाई, माझ्या गाडीत शेळी नाही. "मग कुणाच्या गाडीत आहे?"

गाडी बंद झाली म्हणून मी उपाशी मरत नाही. पण खिडकीजवळच्या पलंगावर माझी थोरली बहीण आहे. चाळीस वर्षं माझ्याशी बोलली नाही. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत, मला 'गाडीवाले' म्हणते, म्हणून अर्धा तास जवळ बसू तरी देते. भाऊ म्हणून गेलो असतो तर दारातूनच हाकललं असतं. बरोबरच होतं तिचं.

ससा दिला तर घ्यायची नाही. हात पलंगाखाली सोडायची आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर फिरवत राहायची, मागे-पुढे, मागे-पुढे... तिथे काही नाही. कुत्रा मात्र शेपूट पायांत घालून तिथेच बघत बसायचा. एकदा मी त्या हाताखाली हात घातला. ऊब लागली. काढला.

"हिचा कान फाटका आहे, गाडीवाले," ती म्हणाली. "भाऊ घेऊन गेलाय हिला. आठ दिवसांत आणून देतो म्हणालाय. झाले का हो आठ दिवस?"

ऐकलंत? फाटका कान. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हतो. तिची एकुलती एक दुभती शेळी मी मागून नेली, बाजारात उभी केली, विकली आणि पहिली हातगाडी घेतली. परत करू, परत करू म्हणता म्हणता तोंड दाखवायची लाज वाटली, मग त्या लाजेचाच ताठा झाला. तेव्हापासून माझ्या गाडीत शेळी नाही. लोक म्हणतात, "काका, एखादं करडू आणा की, पोरांना आवडतं." नाही म्हणजे नाही.

जानेवारीचा दुसरा मंगळवार. बाजारातून काळी शेळी घेतली, दुभती. फाटक्या कानाची शोधली, मिळाली नाही, आणि चांगला कान फाडायला हात होईना. बाई दारात आडव्या. "आज खरं सांगा काका, गाडीत शेळी आहे ना?" म्हटलं, "आहे. ही बघा. आता गाडी बंद करायची तर करा." डोळ्यांनी शेळी दिसली तशा बाजूला झाल्या.

दावं ताईच्या हातात दिलं. तिने कान चाचपला. "फाटका नाही."

"नाही मिळाला."

तिने दावं मनगटाला गुंडाळलं. मग पलंगाच्या दुसऱ्या अंगाला वळून हळूच म्हणाली, "जा गं आता तू." कुत्र्याची मान सावकाश दाराकडे फिरत गेली. फरशी ओली होती. खुरं उमटत गेली. बाहेर जाणारी.

ताईने माझ्याकडे बघितलं. "आठ दिवस म्हणाला होतास रे."

"हो ताई."

आश्रमात जाताना माझ्या गाडीत शेळी होती. येताना नव्हती.