देवाजीमामाची वाटणी

माय-बहिणींनो, भावांनो, देवाजीमामाच्या या शोकसभेत मामीची माफी मागून बोलाले उभी राह्यली हाये. माईक हातात पहिल्यांदाच घेतला. सांभाळून घ्या.

मी मानकी. मामाच्या कुंपणापलीकडची. नात्यानं त्याची कोणीच नाई. पण मामाले अन् मले एकच आजार होता, रक्ताचा कॅन्सर. एका गावात दोघं कसे, म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईले नवल वाटे. मामा म्हणे, "आमच्या गावात सारंच वाटून घेते, बाई."

खोटं नव्हतं ते. बोडीतले, गावतळ्यातले मासे धरले की घरटी वाटा पडते ना? जो तापानं पडला, जाळं ओढाले आलाच नाई, त्याच्याही घरी वाटा जाते. ते वाटे पाडाले कोण बसे? मामाच. अन् सगळ्यात लहान मासे कोणाच्या टोपलीत जाये? मामी हसून राह्यली, तिले माहीत हाये.

आमच्या या आजाराले रोज एक गोळी. जेवणावर घ्यायची, अन् सोडायची नाई. मामा त्या गोळीवर लय खूश. म्हणे, "ना सुई, ना कापाकापी. आणखी काय पाहिजे?" त्या गोळीपायी पायात गोळे येत, डोळे सुजत. डोळे पाहून मामी विचारे, "काऊन जी, रडून राह्यले का?" मामा म्हणे, "तुह्या हातची भाजी आठवली."

एका पावसाळ्यात माही गोळी सरली. भाताची रोवणी जोरात होती, नागपूरले जाणं आज-उद्या करत राह्यलं. मामाले समजलं. आपल्या गोळ्यांचा पुडा घेऊन आला अन् म्हणे, "एक दिवस तू घे, एक दिवस मी घेतो. वाटून खाऊ." म्या घेतली. दोघंही मजेत होतो. बांधीत भाताचे पऱ्हे लावत होतो, भूक लागत होती. आमचं झकास चाललं, असं वाटे.

मग नागपूरले रक्त तपासलं. दोघांचंही बिघडलं होतं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, गोळी चुकली का? मामा छाती फुगवून म्हणे, "चुकली नाई. वाटून खाल्ली."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. रागावल्या नाई. म्हणाल्या, "मामा, एका ताटातलं दोघं जेवले तर दोघं अर्धपोटी उठतील, एवढंच. पण ही गोळी वाटली तर आजार दोघांच्याही अंगात जोर धरतो. तुम्ही हिला अर्धी गोळी नाही दिली, अर्धा आजार परत दिला."

मामाचा चेहरा पाहवत नव्हता. ज्या माणसानं जन्मभर वाटलं, त्याले कोणी पहिल्यांदा सांगितलं होतं की वाटू नको. परतीची गाडी धरली. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर चहा घेतला तवा म्हणे, "पोरी, या एका गोष्टीत आपण कंजूस व्हायचं. पण एकट्यानं खाल्लेलं माह्या घशाखाली उतरत नाई. तुही गोळी तू घे, माही मी घेतो. पण बसू एका जागी."

तवापासून आमची पंगत सुरू झाली. दिवेलागणीले म्या माहं ताट घेऊन मामाच्या अंगणात जायचं. दोघांनी जेवायचं, दोघांनी गोळी घ्यायची. रक्त पुन्हा जाग्यावर आलं. मामा लेकीकडं एटापल्लीले गेला की फोनवर बसे. तिकडून त्याचा पाण्याचा घोट मले ऐकू ये.

मामा रक्ताच्या आजारानं गेला नाई, हे साऱ्यांनी ध्यानात ठेवा. शेवटची तपासणी चांगली होती. पिकल्या वयात, जेवून, झोपेत गेला. मी रडली, पण मले त्याच्या जाण्याचं वाईट कमी वाटते. असं जाणं कोणाच्या नशिबी असते?

पण एक गोष्ट सांगते अन् थांबते. मामा गेला तवापासून म्या गोळी घेतली नाई. ताट वाढते, गोळी हातात धरते, अन् परत ठेवून देते. घशाखाली उतरत नाई.

आज सभेच्या आधी मामीनं मले घरात ओढून नेलं. स्वतः काही खाल्लं नव्हतं, मले भात चारला. म्हणे, "तो सुखानं गेला वं. तू अशी गेली त तो मलेच विचारन, माह्यामागं पोरीकडं पाहाले कोणी नव्हतं का?"

म्या भात संपवला अन् गोळी घेऊन सभेत आली.

ही पाहा, पदराच्या गाठीत बांधून आणली. मामी, तांब्या दे इकडं.

आता सारे उभे राहा. मामासाठी गप्प राहू. मी ही गिळून घेते. मले जरा वेळ लागन, पण तोवर कोणी खाली बसू नका.

मामा, जोहार.