बिनदोऱ्याचा कोट

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे शिंपी आणि त्यांची बायको बसली होती. लकव्यानंतर शिंप्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

“मिटले पुन्हा डोळे? डॉक्टर म्हणतात, हा आळस नाही, मनाचं दुखणं आहे. पण दिवसभर झोपायचं?”

“झोपू दे गं. झोपेत हात चालतो.”

“चालतो?”

“सरसर. काल निळा कोट शिवत होतो. कापड पाण्यासारखं वाहत होतं. जाग आली, की हा ओंडका.”

“तिथे मी असते?”

“नसतेस.”

“मग सुईत दोरा कोण ओवतं? तुम्हाला तर चाळिशीपासून नेढं दिसत नाही.”

“…कुणीच नाही.”

“म्हणजे बिनदोऱ्याचा कोट! घालताच बाह्या गळणार. उठा, आपला नंबर आलाय.”

“थांब. हात दे जरा.”